बूस्टर काढला, पाय लावला

माझ्याकडे 1972 सालचा शेव्हरले सी-10 पिकअप आहे. चॅसी नंबरातलं ‘एफ’ हे अक्षर फ्लिंटच्या कारखान्याचं, म्हणजे अमेरिकेत मिशिगनमधल्या नोव्हायच्या आमच्या घरापासून तासाभराच्या आतलं गाव. गाडी मिशिगनचं मीठ खाल्लेली आहे, आणि तेही शब्दशः. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते पुढे वर्षानुवर्षं पत्रा खात बसतं.

आधीच्या मालकाने 350 घन इंचाच्या इंजिनात तगडा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, टाकला होता. उभ्या गाडीचा ढग-ढग-ढग आवाज ऐकायला झकास. पण त्या आवाजाची किंमत ब्रेक मोजत होता. ब्रेकचा बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालतो: आतल्या रबरी पडद्याच्या एका बाजूला इंजिनाची निर्वात पोकळी, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि या दोन्हींतला फरक तुमच्या पायाला हातभार लावतो. साध्या धडधाकट इंजिनाला उभ्या गाडीत पाऱ्याची 17 ते 20 इंच ओढ असते. त्या तगड्या कॅमशाफ्टमुळे माझ्या गेजचा काटा 9 वर थरथरत होता. सिग्नलला पहिल्यांदा पाय दिला की ब्रेक ठीक लागायचा, लगेच दुसऱ्यांदा दिला की पेडल दगड. एकदा चौकात पुढच्या गाडीपासून हातभर अंतरावर थांबलो आणि घरी येऊन किल्ली खुंटीला लावली.

विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप बसवता आला असता, पण आणखी एक घरघरणारी वस्तू नको होती. पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर चालणारा हायड्रॉलिक बूस्टर मिळतो, पण माझ्या गाडीला पॉवर स्टिअरिंगच नाही. मग बूस्टर काढूनच टाकायचं ठरवलं. ऑफिसातल्या एकाने विचारलं, “पायात एवढा जोर आहे का?” कऱ्हाडला बाबांच्या महिंद्रा जीपला कुठे बूस्टर होता? खंबाटकी उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असायची आणि पाय ब्रेकवर नुसता टेकलेला.

प्रश्न जोराचा नसून हिशेबाचा असतो. सीटखाली आडवा होऊन, डोकं पेडलपाशी घालून टेपने मोजलं. पेडल ज्या वरच्या खिळीवर झुलतं तिच्यापासून पाय ठेवायच्या जागेपर्यंत 12 इंच. पुशरॉड, म्हणजे पायाचा जोर पुढे ढकलणारी दांडी, जोडला होता तो खिळीपासून 3 इंचांवर, कुणीतरी ड्रिलने पाडलेल्या भोकात. त्याच्या वर, खिळीपासून 2 इंचांवर, मूळ भोक ग्रीसने भरून बसलेलं. म्हणजे आत्ताची तरफ चारपट, वरच्या भोकातून सहापट. बूस्टर मदतीला असताना चारपट पुरते, एकट्या पायाला नाही.

दुसरा आकडा मास्टर सिलिंडरच्या बोअरचा, म्हणजे पेडलच्या जोराने ब्रेकचं तेल दाबणाऱ्या नळकांड्याच्या आतल्या व्यासाचा. जुना सव्वा-एक वाटावा असा, मोजला तर 1⅛ इंच. बिनबूस्टरच्या ब्रेकला 1 इंचाचा घेतला. फरक बोटाच्या नखाएवढा, पण क्षेत्रफळ 0.99 वरून 0.79 चौरस इंचावर येतं. पायाने 75 पौंड जोर दिला आणि बूस्टर मेलेला असला, तर जुन्या जोडणीत तेलाचा दाब 300 पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) आसपास. नव्या जोडणीत तोच पाय 570 देतो. जवळजवळ दुप्पट. अर्थात फुकट काही नाही. पेडलही तेवढंच जास्त खाली जाणार, म्हणून मागच्या ब्रेकच्या ड्रममधले लायनर स्टार व्हीलने, म्हणजे आतल्या दातेरी चाकीने, नीट जवळ आणून ठेवावे लागतात. ते काम मी आधीच उरकलं.

दुकानाने दिलेला पहिला मास्टर सिलिंडर चुकीचा निघाला. बाहेरून हुबेहूब, बोअरही 1 इंच. पण पिस्टनच्या मागच्या खळग्यात पेन्सिल घातली तर बोटाचं अर्धं पेरसुद्धा आत जाईना. तो बूस्टरच्या गाडीचा. बूस्टरची दांडी बूस्टरच धरून ठेवतो, तिला उथळ खळगा चालतो. बिनबूस्टरच्या गाडीत दांडी थेट पेडलपासून येते आणि पिस्टनच्या खळग्यात नुसती टेकते. खळगा खोल नसेल तर एखाद्या खड्ड्यात ती निसटून खाली लोंबायची, आणि पुढच्या वेळी पाय दिला की पेडल थेट फ्लोअरला. काउंटरवरच्या पोराला हे पटवायला वीस मिनिटं गेली. बदलून आणलेल्या नगात पेन्सिल दोन पेरं आत गेली, तेव्हा पैसे दिले.

जुना बूस्टर निघता निघेना. ब्रेकच्या नळीचं नट गंजून नळीशी एकजीव झालेलं. फ्लेअर नटचा पाना लावला, पेनिट्रेटिंग ऑइल मारून रात्रभर ठेवलं, तरी सकाळी नटाबरोबर नळी पिळवटली. मग ती कापलीच आणि निकेल-तांब्याची 3/16 इंची नवीन नळी आणली. ही नळी हाताने वळते, स्टीलसारखी हट्टी नाही. टोकाला डबल फ्लेअर, म्हणजे कडा दोनदा दुमडून फुलवायची. पहिलं टोक इतकं सुंदर जमलं की मी फोटो काढला. मग लक्षात आलं, नट आधी नळीत ओवायचं राहिलंय. फोटो अजून आहे, टोक कापून टाकलं.

नवीन सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी टेबलावरच त्यातली हवा काढायची. व्हाइसमध्ये धरायचा, दोन्ही तोंडांना प्लास्टिकच्या नळ्या लावून त्या परत टाकीतल्या तेलात बुडवायच्या आणि स्क्रू-ड्रायव्हरने पिस्टन हळूहळू दाबत राहायचं. बुडबुडे संपायला पंधरा मिनिटं लागली. ब्रेक ऑइलचा एक थेंब मडगार्डवर पडला आणि मी फडकं शोधेपर्यंत तिथला रंग सुरकुतला.

मग चाकांपाशी ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढायला दुसरा माणूस लागतो: एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी ब्रेकचं निपल उघडून हवा सोडायची. आई त्या वेळी सहा महिन्यांसाठी आली होती. पाठीला उशी लावून, साडीवर माझं जॅकेट चढवून ती स्टिअरिंगपाशी बसली. मी सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात केली: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. खालून ओरडलो, “आई, दाब... आणि मी सांगेपर्यंत...”

“निपल बंद केल्याशिवाय पाय उचलायचा नाही, माहितीये. तुझ्या बाबांच्या जीपला दर पावसाळ्यानंतर मीच बसायचे. तू तिकडे टाकीत तेल बघ, नाहीतर परत हवा धरेल.”

टाकी खरंच तळाला आली होती.

पेडल घट्ट लागलं. गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, ब्रेक उत्तम. जितका पाय तितका ब्रेक, मधे कुणी दलाल नाही. मग हुरूप येऊन मोठ्या रस्त्याला लागलो. तिसऱ्या मैलाला वाटलं गाडी ओढत नाहीये. ॲक्सिलरेटर सोडला की ती आपोआप थांबायला बघायची. पेडल वर-वर येत चाललेलं, कडक. मग जळका वास. कडेला घेतली, पुढच्या रिमजवळ हात नेला तर धग दुरूनच लागली.

कारण माझंच. पुशरॉड लांब ठेवला होता. मास्टर सिलिंडरमध्ये टाकीकडे जाणारं एक बारीकसं छिद्र असतं. पाय काढल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला की ते उघडतं आणि तापून फुगलेलं तेल टाकीत परत जातं. माझा पुशरॉड पिस्टनला केसभर पुढेच दाबून धरत होता. छिद्र कायमचं बंद. ब्रेक तापला, तेल फुगलं, त्याला जायला जागा नाही म्हणून त्याने पॅड आणखी आवळले, आणि ब्रेक आणखी तापला. टूलबॉक्समधून पाना काढून मास्टर सिलिंडरची दोन्ही नटं दोन-दोन आटे सैल केली. सिलिंडर जरासा पुढे सरकला आणि पुढची चाकं ‘टक’ करून सुटली. निदान पक्कं झालं. गार झाल्यावर नटं परत आवळून, ब्रेक जवळजवळ न वापरता, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घरी आणली.

लॉकनट सोडून पुशरॉड आखूड केला. दांडी आणि पिस्टनमध्ये दीड मिलिमीटरची फट हवी. ती डोळ्याला दिसत नाही, पण सहापट तरफेमुळे पेडलवर तीच 9 मिलिमीटर होते आणि बोटाने सहज कळते. खात्रीसाठी टाकीचं झाकण उघडलं आणि आईला पेडल अगदी हलकं दाबायला सांगितलं. तेलातून छोटंसं कारंजं उडालं. छिद्र उघडं आहे याची तीच खूण. त्यानंतर वीस मैल फिरून आलो. रिमवर तळहात ठेवला, कोमट.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालूच होईना. पुशरॉड आखूड झाल्यावर पेडलची बसायची जागा बदलली होती. पाय काढल्यावर पेडल वरचं ब्रेक लाइटचं स्विच दाबतं तेव्हाच दिवे विझतात, आणि ते आता दाबलंच जात नव्हतं. मागचे दोन्ही लाल दिवे रात्रभर जळत होते. आई म्हणाली, “मी पाणी प्यायला उठले तेव्हा गॅरेजच्या दाराखालून लाल उजेड दिसला होता. मला वाटलं, तू अजून काम करतोयस.”