माझ्या शेजारी पळणारा

सोमवार, रात्री

सैन्यात निवड झाली आणि बेळगावला जायची तारीख आली. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर, म्हणजे पलटणीचं प्रशिक्षण केंद्र. सकाळपासून घरात माणसांची ये-जा चालू आहे. पेढे संपले म्हणून आईनं दुपारी पुन्हा मागवले. माझ्या डोक्यात मात्र दिवसभर एकच घोळतंय. भरतीची तयारी संपली, पण सैनिक व्हायची अजून सुरूच झालेली नाही.

भरतीसाठी मी काय शिकलो? १६०० मीटर पळायचं. साडेपाच मिनिटांच्या आत आलं की ६० गुण. दहा पुल-अप्स निघाले की आणखी ४०. नऊ फुटांच्या खड्ड्यावरून उडी आणि झिगझॅग बॅलन्स (नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणं) नुसतं पास व्हायला. त्या साडेपाच मिनिटांसाठी सगळं आयुष्य बांधून घेतलं होतं. झोप, जेवण, लग्नकार्यं, सगळं त्याच हिशेबानं.

आणि मैदानावर काय असतं ते भरती दिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. अंधारात बॅच सुटते, पहिल्या वळणापर्यंत नुसते खांदे आणि कोपरं. कुणाचा पाय अडकतो, कुणी आडवा होतो. हात द्यायला कुणी थांबत नाही, कारण थांबला त्याचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, गेलं. शेवटी दोर आडवा येतो. आतले आत, बाहेरचे घरी. शेजारी पळणारा पोरगा चांगला की वाईट, त्याच्या घरी कोण आहे, याचा विचार तिथं करताच येत नाही. तो मागं राहिला तर बरं, एवढंच.

आता त्याच पोरांबरोबर एका बराकीत राहायचंय.

मंगळवार

दाखले. दहावीचं मूळ प्रमाणपत्र, डोमिसाइल, जातीचा दाखला, चारित्र्याचा दाखला, सरपंचांच्या सहीचा अविवाहित असल्याचा दाखला, फोटो. झेरॉक्सवाल्यानं पैसे घेतले नाहीत. नको म्हणालो तर म्हणाला, "सुट्टीवर आलास की चहा पाज."

बुधवार

संध्याकाळी तात्यांकडं गेलो. तात्या माझे चुलते, पलटणीतून हवालदार होऊन आले. आमच्या सातारा जिल्ह्यात हे नवल नाही. अपशिंगे गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि आजही तिथं घराघरात फौजी आहे. तरी स्वतःच्या घरातला माणूस सांगतो तेव्हा वेगळं ऐकू येतं.

मी वही घेऊन गेलो होतो. किती पळू, किती पुश-अप्स मारू, काय खाऊ, असं सगळं लिहून घ्यायचं होतं. तात्यांनी वही बाजूला ठेवायला लावली.

"पळण्याचं तुला येतंय. तिथं गेल्यावर उस्ताद तुला आणखी पळवतील, त्याची काळजी करू नकोस. पायांची काळजी कर. नखं कापून ठेव. नवे बूट घालून पहिल्याच दिवशी लांब जाऊ नकोस. फोड आलेला पाय घेऊन ड्रिल करायची वेळ आली तर कळेल. दाढ दुखत असली तर इथंच दाखवून घे. आणि रात्री मोबाइल बघत जागायचं आजपासून बंद."

मग दिनक्रम सांगितला. अंधारात उठणं, बिस्तरा सरळ, दाढी, फॉल-इन (रांगेत हजर होणं), पीटी, लंगरमध्ये नाश्ता, ड्रिल, वेपन ट्रेनिंग, क्लास, संध्याकाळी खेळ, रोल कॉल. प्रत्येक गोष्टीला वेळ कमीच दिलेला असतो. "एकट्यानं केलंस तर पुरणारच नाही. एकानं दुसऱ्याचा बिस्तरा ओढायचा, दुसऱ्यानं त्याचे बूट पुसायचे, तेव्हा दोघं वेळेत पोचतात. आणि एक जण उशिरा आला ना, तर शिक्षेचा रगडा सगळ्या प्लाटूनला. तू पहिला आलास म्हणून तुला कुणी सोडत नाही."

मी म्हणालो, "तात्या, हा अन्याय नाही का?"

ते म्हणाले, "गोळी सुटल्यावर तू एकटा वेळेत पोचून काय करणार आहेस?"

घरी येईपर्यंत हेच ऐकू येत होतं.

गुरुवार

शेजारच्या गावचा एक पोरगा आमच्याच तुकडीत आहे. ग्राउंडला तो पळण्यात दुसऱ्या गटात आला, ४८ गुण. ऑनलाइन परीक्षेत माझ्या पुढं. आज पहाटे त्याला घेऊन तात्यांकडं गेलो. तात्यांनी दोन जुन्या सॅकमध्ये वाळू भरून ठेवली होती. सेंटरवर पुढं बीपीईटी ही शारीरिक चाचणी असते, म्हणजे पाठीवर पिट्टू, हातात रायफल आणि ५ किलोमीटर. भरतीतला नऊ फुटांचा खड्डा तिथंही आहे, फक्त आता वजनासकट मारायचा.

मी सवयीनं सुटलो. पुलापाशी वळून पाहिलं तर तो बराच मागं. तात्या रस्त्यावरून ओरडले, "परत जा! त्याला घेऊन ये!" परत गेलो. त्याच्या चालीनं पळालो. पायांना ते फार अवघड गेलं. इतके दिवस त्यांना एकच गोष्ट शिकवली होती. थोड्या वेळानं मात्र त्याचा श्वास लागायला लागला की मला आधी कळायला लागलं. मी बोलायला लागायचो आणि तो टिकायचा. चढावर त्यानं मला पाणी दिलं, मी मागितलं नव्हतं.

दुपारी रेजिमेंटबद्दल वाचत बसलो. सर्वांत जुनी बटालियन १७६८ सालची, आणि सेंटर १९२२ पासून बेळगावात. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव, दोघांनाही दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. नामदेव जाधवांपाशी मी थांबलो. नगर जिल्ह्यातल्या निमजचे. शिपाई, आणि काम कंपनीच्या रनरचं, म्हणजे निरोप पोचवायचं. ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी. नदी ओलांडून पलीकडचा बांध चढतात तोच तीन मशीनगन सुरू झाल्या. त्यांच्याबरोबरचे जवळजवळ सगळे पडले, काही जखमी. जाधवांना खरचटलंही नव्हतं. एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून अलीकडं आणलं. मग पुन्हा तोच रस्ता, दुसऱ्या जखमीसाठी. त्यानंतर मशीनगनवर चालून गेले. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना तेव्हा हातबाँब घेतले. तिन्ही ठाणी गप्प केली आणि बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत मागच्यांना बोलावलं.

शौर्याबद्दल लिहिताना लोक मशीनगनचं लिहितात. मला त्या दुसऱ्या खेपेचं मोल जास्त वाटतं. एकदा सुखरूप अलीकडं आल्यावर तो रस्ता कसा आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि तरी ते परत गेले.

शुक्रवार

आज दादा (वडील) बोलले. ते आठवडाभर गप्पच होते.

अग्निवीर म्हणजे चार वर्षं. पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरलेले, त्यातले ३० टक्के निधीत जातात, हातात २१,०००. सरकारही तेवढीच रक्कम घालतं आणि चार वर्षांनी सुमारे १०.०४ लाख, वर व्याज. पेन्शन नाही. कायम होतात ते २५ टक्क्यांपर्यंत. तात्यांना पेन्शन आहे, मला तसं काही हमीचं नाही, हे दादांना टोचतंय. मलाही टोचतं. हे मी कुणापासून लपवत नाही. ज्या नोकरीत जीव द्यायची तयारी मागतात तिथं चौघांतल्या तिघांना घरी पाठवायचं, हे मला पटत नाही.

आणि यात माझ्या आत्ताच्या विचाराला धरून एक मोठी अडचण आहे. तात्यांच्या वेळी शेजारचा जवान शेवटपर्यंत शेजारचाच होता. आम्हाला एकमेकांचे बिस्तरे ओढायला शिकवतील आणि चार वर्षांनी पुन्हा मेरिट लावतील. म्हणजे तो आडवा दोर पुन्हा आहेच.

संध्याकाळी त्या पोराला हे सरळ विचारलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "चार वर्षांनी जे व्हायचं ते होईल. पण मी पडलो तर तू थांबणार का, हे मला आत्ता कळायला पाहिजे." मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. मीही त्याला तेच विचारलं.

शनिवार

सामान थोडंच. तात्या म्हणाले तिथं सगळं मिळतं, फालतू काही भरू नकोस. आईनं तरी शेंगदाण्याची चटणी बांधलीच, "सगळ्यांना दे" म्हणून. आधी कोल्हापूरला भरती कार्यालयात हजर व्हायचं, तिथून तुकडीनं पुढं.

पहाटे पुन्हा सॅक घेऊन ५ किलोमीटर. आज त्याची चाल सुधारली आणि चढावर माझीच पोटरी धरली. तो थांबला. माझी सॅक उतरवून त्यानं स्वतःच्या छातीवर अडकवली आणि पोटरी सुटेपर्यंत माझ्याबरोबर चालत राहिला. वेळ खराब लागला. तात्यांनी घड्याळ पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत, फक्त उद्या पुन्हा यायला सांगितलं.