वॉल्व्ह चांगलाच होता

एप्रिल संपत आला की आमच्या हडपसरच्या गॅरेजात येणारा प्रत्येक जण स्वतःचं निदान घेऊनच येतो. ‘गॅस कमी झालाय, भरून द्या.’ कारचा एसी म्हणजे सिलिंडर, संपला की भरायचा, हे लोकांच्या डोक्यात आम्हीच घातलंय. गॅस भरायला अर्धा तास लागतो आणि पैसे रोख मिळतात. दाब मोजणारे गेज लावून दुपारभर बसायचे पैसे कोण देतं?

ही सीएनजी सेडान एअरपोर्टच्या भाड्यांवर चालणारी. ड्रायव्हर चाळिशीचा, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. म्हणाला, “शेठ, वीस-पंचवीस मिनिटं मस्त गार, मग नुसती गरम हवा. बंद करून चहा प्यायचा, की परत गार. दोन-तीन ठिकाणी गॅस भरला, फरक शून्य.”

हे चहाचं ऐकलं आणि मी हातातलं काम पोराकडे दिलं. गळती असेल तर एसी चहा पिऊन बरा होत नाही.

अशी तक्रार दोन रोगांत येते. एक, कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो, बहुतेक वेळा थर्मिस्टर, म्हणजे कॉइलचं तापमान बघणारा सेन्सर, बिघडल्यामुळे. तेव्हा ब्लोअर ओरडत असतो, पण डॅशबोर्डच्या जाळीतून वारा येत नाही. दुसरा, कॉइलमध्ये गॅस बारीक तोंडातून सोडणाऱ्या एक्स्पान्शन वॉल्व्हच्या तोंडाशीच रस्ता बंद होतो. तेव्हा वारा भरपूर, पण गरम. त्यामुळे अशा गाडीत मी गेजच्या आधी जाळीसमोर हात धरतो.

गेज लावले, इंजिन पंधराशे आरपीएमवर ठेवलं. लो साइड, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब, 42 पीएसआय; हाय, म्हणजे कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्याचा, 270. हाय जास्तच होती, म्हणजे कुणीतरी गॅस ठासून भरलेला. आणि मग वाट बघणं. पोराला हेच काम सर्वात नकोसं, काही खोलायचं नाही, नुसतं काट्याकडे बघायचं. पंचवीसेक मिनिटांनी लो साइडचा काटा खाली घसरायला लागला. तीस, वीस, पाच, आणि शून्याच्या खाली व्हॅक्यूममध्ये. हायही उतरली. जाळीतून वारा मात्र पहिल्यासारखाच जोरात. म्हणजे थर्मिस्टरचा दोष नाही.

या गाडीत वॉल्व्ह फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, इंजिनच्या बाजूनेच आहे, हे नशीब. डॅशबोर्डच्या आत असता तर ड्रायव्हरचा दिवस आणि माझी कंबर दोन्ही गेले असते. उकळत्या पाण्यात फडकं बुडवून वॉल्व्हवर गुंडाळलं. मिनिटभरात काटा उसळून तिसावर. आत बर्फ होता तो वितळला.

बर्फ म्हणजे पाणी. सिस्टिममध्ये पाणी आलं कुठून? खोदून विचारलं तेव्हा कळलं, दिवाळीच्या सुमारास पुढून ठोकर बसली होती, कंडेन्सर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणारा पुढचा भाग, बदललेला. ड्रायर जुनाच ठेवला होता. ओलावा शोषायचं काम ड्रायरचं, आणि पाइप उघडा राहिला तर तो हवेतला ओलावाच पिऊन बसतो. कॉम्प्रेसरचं पॅग तेलही तसंच, हवेतलं पाणी ओढणारं. त्यावर आतली हवा आणि ओलावा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप जेमतेम पाच मिनिटं फिरवून गॅस मारला असणार. अशा गॅरेजांना मी कामचोर म्हणतो आणि तोंडावर म्हणतो.

प्रश्न इथेच होता. गरम फडक्याने बर्फ सुटतो तसा अडखळणारा वॉल्व्हही सुटू शकतो. त्या चाचणीने दोन्ही वेगळे होत नाहीत. मी ठरवलं, ड्रायर तर बदलायचाच, वॉल्व्हही बदलायचा. मजुरी सगळी खोलण्याचीच असते.

गॅस मशीनने ओढून घेतला. बॉनेटच्या स्टिकरवर 450 ग्रॅम, निघाला 570. आमच्याकडे बरेच जण तो सरळ हवेत सोडतात. हा गॅस, आर-134ए, वातावरण कार्बन डायऑक्साइडच्या 1430 पट तापवणारा, पण हे बोललं की ‘शेठ पुस्तक वाचतात’ म्हणतात. वॉल्व्हचे दोन बारीक अॅलन बोल्ट अॅल्युमिनियममध्ये चिकटलेले. तिथे घाई केली की बोल्टचं डोकं हातात आणि बोल्ट आत. तेल सोडून, मागेपुढे करत काढले. उघड्या तोंडांना लगेच टोप्या. नव्या हिरव्या ओ-रिंगा तेलात बुडवून बसवल्या. नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने सांधे तपासले आणि तासभर व्हॅक्यूम. पुण्यात व्हॅक्यूमचा काटा पाऱ्याच्या 28 इंचाच्या पुढे जात नाही, आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, हवेचा दाबच कमी ना. नवी पोरं पंप बिघडला म्हणून पंपाचं तेल बदलत बसतात. वजनाने मोजून 450 ग्रॅम. जाळीत सात अंश. कात्रजचा जुना घाट चढून आलो, तरी सातच.

मधल्या वेळात पोराने जुना वॉल्व्ह बाकावर धरला. डोक्यावर फ्रीझ स्प्रे मारला की हवा बंद, कोमट पाण्यात धरला की सुरू. एकदम नीट. हे तो करत होता ते ड्रायव्हरच्या समोरच.

“मग हा चांगलाच होता की, शेठ. याचे पैसे कसले?”

मी सांगितलं, की गाडीत त्याच्यावर अडीचशे पीएसआय असतात, इथे फुंकरीएवढी हवा. इथे चालला म्हणजे तिथे चालेलच असं नाही. नुसता ड्रायर बदलला असता आणि वॉल्व्ह अडखळणाराच निघाला असता, तर गॅस, व्हॅक्यूम, मजुरी सगळं दुसऱ्यांदा. त्याने ऐकून घेतलं. पटलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही पाण्यावरच ऐंशी टक्के खात्री होती, वॉल्व्हवर वीस. वीस टक्क्यांसाठी गिऱ्हाइकाच्या खिशातून पार्ट बसवायचा का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. पुढची अशी गाडी आली तर बहुधा आधी त्यालाच विचारेन, धोका तू घेतोस की मी घेऊ. पण विचारलं की तो म्हणणार, “तुम्हीच बघा काय ते.”

मजुरीत थोडं कमी केलं, त्याने पैसे दिले. जुना वॉल्व्ह पिशवीत घालून घेऊन गेला, कंडेन्सर बदलणाऱ्याला दाखवणार म्हणे. दाखवायचाच तर ड्रायर दाखव, म्हटलं. तो मात्र त्याने नेला नाही.

पोरगा म्हणतो, चेक केलेलं त्याच्यासमोर करायलाच नको होतं. त्यावरून आमची दोन दिवस बोलाचाली चालू आहे.