तुम्ही विचारलंत म्हणून: बुलेट बॅक का मारते?

आमच्या घरी १९८६ची बुलेट आहे. साडेतीनशेची, पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे ठिणगी पाडण्यासाठी उघडझाप करणारा छोटा स्विच), बाबांनी घेतलेली. दारव्ह्याच्या बाजारात ती उभी केली की कोणी ना कोणी जवळ येतं, टाकीवर हात ठेवतं आणि विचारतं, "भाऊ, माझीवाली लय बॅक मारते. टायमिंग केलं, नवा पॉइंट टाकला, तरी मारते. तुमची कशी काय नाही मारत?" बॅक मारणं म्हणजे किक मारताना ती उलटी उसळून पायावर येणं. रस्त्यात उभ्या उभ्या याचं पुरतं उत्तर देता येत नाही, म्हणून इथं लिहितो आहे. टायमिंगला, म्हणजे ठिणगी पडायच्या वेळेला, हात लावण्याआधी पॉइंटच्या प्लेटखालचा अॅडव्हान्स (वेगाप्रमाणे ठिणगी आधी-नंतर पाडणारी रचना) मोकळा आहे का ते बघा. माझं सांगणं एवढंच आहे, पण ते कळायला आमची पाच वर्षं गेली आणि बाबांचा घोटा गेला.

१९९८ साली, कापूस वेचणीच्या दिवसांत, सकाळी बाबा गाडी काढत होते. किक मारायची त्यांची पद्धत ठरलेली. चावी लावायची, अँपमीटरच्या (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरच्या) काट्याकडे बघत किक हळूहळू दाबायची. पॉइंट मिटलेला असतो तोवर काटा बाजूला झुकलेला असतो, पॉइंट उघडला की मधे येतो. काटा मधे आला की डिकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारी दांडी) ओढून किक थोडी पुढं न्यायची, सोडायची, वर येऊ द्यायची आणि मग एकच पूर्ण किक. त्यांनी त्या दिवशीही सगळं असंच केलं. तरी किक एवढ्या जोरात उलटी आली की ते खालीच बसले. घोट्याला प्लास्टर लागलं. त्या हंगामात शेतात ते काठी टेकत फिरले. त्यानंतर त्यांनी गाडीला किक मारली नाही, मलाच सांगायचे, "तू काढ."

गाडी तालुक्याच्या गावी तीनदा मिस्त्रीकडे नेली. दरवेळी टायमिंग थोडं मागं करून मिळायचं. आठ-पंधरा दिवस बरे जायचे. मग पुसदकडच्या चढावर दम टाकायची, सायलेन्सरचा पाइप इंजिनजवळ निळा पडायचा, आणि एखाद्या सकाळी पुन्हा बॅक. मला तेव्हा कळेना की टायमिंग एवढं मागं असताना गाडी बॅक मारतेच कशी.

ते कळलं आमच्या गावातल्या ऑइल इंजिनवाल्या काकांमुळे. विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, बुलेट त्यांनी कधी चालवलीही नव्हती. त्यांनी पॉइंटवरचं टोपण काढलं, मधला कॅम (पॉइंट उघडणारा फिरता तुकडा) दोन बोटांत धरला, फिरायच्या दिशेनं थोडा पिळला आणि सोडला. कॅम तिथंच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "इंजिनचा गव्हर्नर जाम झाला का काय होते, तुले माहीत आहे ना? हे त्याचंच पिल्लू आहे. वजन बाहेर गेलं अन् वापस नाही आलं. तुम्ही टायमिंग कायले छेडता?"

शेतकऱ्याला गव्हर्नर समजावून सांगावा लागत नाही. इंजिनचा वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, वेग उतरला की स्प्रिंग त्यांना आत ओढते. बुलेटच्या पॉइंटखाली अशीच दोन छोटी वजनं आणि दोन बारीक स्प्रिंगा असतात. गव्हर्नर डिझेल कमी-जास्त करतो, इथली वजनं कॅमला थोडं पुढं फिरवतात, म्हणजे ठिणगी लवकर पडते.

लवकर का पाडायची, तर पेट्रोलचा भडका पूर्ण व्हायला थोडा वेळ लागतोच. गाडी मंद चालली असताना, समजा ८०० आरपीएमला (मिनिटाला ८०० फेरे), एका मिलिसेकंदात क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) जेमतेम ५ अंश फिरतो. ३००० आरपीएमला तेवढ्याच वेळात १८ अंश फिरतो. म्हणून पळत्या इंजिनला ठिणगी बरीच आधी हवी, आणि किकच्या वेळी पिस्टन अगदी वर पोचता पोचता. दुसऱ्या महायुद्धातल्या बीएसए एम२० सारख्या गाड्यांना यासाठी हँडलवर एक दांडी असायची. चालवणाराच ठिणगी पुढं-मागं करायचा, आणि किक मारण्याआधी दांडी मागं घ्यायला विसरला की पायावर बेतायचं. आपल्या बुलेटला ते काम ही वजनं करतात. ती बाहेरच अडकली तर गाडी रात्रभर ठिणगी पुढं ठेवूनच उभी असते. सकाळी किक मारली की पिस्टन वर जात असतानाच भडका होतो आणि तो पिस्टनला उलटा ढकलतो.

आता मिस्त्रीच्या टायमिंगचं. कॅम अर्धवट पुढं अडकलेला असताना त्यांनी त्याच जागी टायमिंग लावलं. त्या दिवशी गाडी बरी सुरू झाली, पण वेगात ठिणगी जेवढी पुढं जायला हवी तेवढी जाईना. म्हणून दम नाही, म्हणून पाइप निळा. मधेच कॅम कधी सुटून मागं आला की ठिणगी फारच उशिरा. आणि पूर्ण पुढं जाऊन अडकला की बॅक. एकाच गाडीत ही तिन्ही दुखणी आलटून पालटून येत असतील तर माझा संशय सरळ अॅडव्हान्सवरच जातो. आणखी एक खूण सांगतो. रेस देऊन सोडली की इंजिन लगेच खाली यायला हवं. ते वरच लटकून राहिलं आणि मग सावकाश उतरलं, तर कार्बोरेटर उघडण्याआधी टोपण उघडा.

आमचा अॅडव्हान्स जाम का झाला तेही सांगितलं पाहिजे. पोळ्याच्या दिवशी बैलांसोबत बाबा गाडीही धुवायचे, मोटारीच्या पाइपानं, भरपूर पाण्यानं. मग हार, गुलाल, नारळ. ते पाणी टोपणाच्या फटीतून आत जायचं आणि वजनांच्या पिनांवर गंज धरायचा. त्यात कुणीतरी आत चाकाचं जाड ग्रीस भरलेलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, शिवाय इंजिनचा ताव. त्या ग्रीसचं डिंकासारखं झालं होतं, वर काळ्या मातीची धूळ बसलेली. मी ते नखानं खरवडलं तर त्याच्या खपल्या निघाल्या.

काम तसं छोटं आहे. प्लेट कुठं होती त्याची सुईनं बारीक रेघ मारून ठेवा, प्लेटवर आणि बॉडीवर मिळून एकच रेघ. मोबाइलवर फोटो काढा, कारण कॅम परत बसवताना अर्धा फेरा उलटा बसू शकतो आणि मग गाडी सुरूच होत नाही. कोणती स्प्रिंग कोणत्या बाजूची ते वेगळं ठेवा. स्प्रिंग ताणायची नाही, कापायची नाही. सुटे भाग रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवले, सकाळी जुन्या टूथब्रशनं घासले. गंज लागलेल्या पिना हजार नंबरच्या पॉलिश पेपरनं हलक्या हातानं चमकवल्या. घासून बारीक करायच्या नाहीत, नुसता गंज जाऊ द्यायचा. कॅम ज्या दांड्यावर फिरतो तो दांडा आणि कॅमची आतली बाजू फडक्यानं लखलखीत पुसली. आमच्या गाडीत खरी अडकण तिथंच होती. मग शिलाई मशीनचं तेल, सुईच्या टोकावर येईल एवढंच. जास्त घातलं तर ते उडून पॉइंटवर जातं आणि पॉइंट जळतो.

जोडून झाल्यावर कॅम पुन्हा पिळून सोडला, तेव्हा आतून बारीकसा 'टक्' आवाज आला. तो आवाज मी त्या दिवशी वीसेक वेळा तरी ऐकला असेन.

टायमिंग यानंतर करायचं, आणि त्याआधी पॉइंटची गॅप. ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी. आपल्याकडे बरेच जण हॅकसॉचं पातं घालून गॅप लावतात. ते पातं ०.६ मिलिमीटरच्या वर असतं. गॅप तेवढी मोठी झाली की पॉइंट लवकर उघडतो, म्हणजे टायमिंग आपोआप पुढं सरकतं, आणि गाडी पुन्हा बॅक मारायला मोकळी. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या, महाग नसतो. मग सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरून इंजिन हळूहळू फिरवा. कागद जिथं अलगद सुटतो तिथं पॉइंट उघडला. त्या वेळी पिस्टन वरच्या टोकापासून साधारण ०.८ मिलिमीटर खाली असावा, आणि कॅम पूर्ण मागं आलेला असावा. तो मागं आलेला नसेल तर ही सगळी मापं खोटी.

इलेक्ट्रॉनिक किट टाकू का, असंही विचारतात. टाका की. पण किट नुसतं पॉइंटच्या जागी बसणारं असेल आणि खालची वजनं तीच राहणार असतील, तर दुखणं आहे तिथंच राहील.

पहिल्यांदा गाडी नीट झाली त्या संध्याकाळी बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी किक मारली, गाडी सुरू झाली, रेस देऊन सोडली तर लगेच खाली आली. बाबा उठून जवळ आले. गाडी बंद करायला लावली, टोपण काढायला लावलं आणि स्वतःच्या बोटांनी कॅम पिळून पाहिला. दोनदा. मग म्हणाले, "एवढंसं होतं काय रे!" आणि घोट्याकडे बघत थोडा वेळ तसेच उभे राहिले.

पोळ्याला गाडी अजूनही बैलांसोबतच पुजली जाते. पाइप मात्र तिच्याजवळ आणू देत नाहीत. बाबा ओलं फडकं पिळून स्वतः पुसतात, आणि पुसून झालं की मला हाक मारतात, टोपण उघडायला.