वीस बैठकांचा सेट

110 किलोचे स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर वजनाचा बार घेऊन बैठका, मारताना जानेवारीत उजव्या गुडघ्यात कळ आली आणि जिना उतरणंही अवघड झालं. डॉक्टरांनी तपासलं. आत काही फाटलेलं नव्हतं, भार कमी करा म्हणाले. मी बेळगावच्या वडगावचा, लहानपणी तालमीत बैठका काढलेल्या, म्हणून तिथून सरळ वस्तादांकडे गेलो. माझी बैठक बघून ते म्हणाले, "बसालैस कुठं रे? अर्ध्यातनंच उठालैस की!"

फेब्रुवारीत बार 40 किलोवर आणला. मांडी जमिनीला समांतर होईल इतकं खाली जायचं, उतरायला तीन सेकंद, वीस बैठका, असे तीन सेट. मध्ये दोन-अडीच मिनिटं विश्रांती. वार दोनच, सोमवार आणि गुरुवार.

पहिल्या दहा सहज निघतात. बारावीनंतर मांड्या पेटतात, पंधरावीला छातीचा भाता होतो आणि बार रॅकवर टाकावासा वाटतो. मी तो खांद्यावरच ठेवून उभ्या उभ्या तीन खोल श्वास घ्यायचो, मग सोळावी. परत तीन श्वास, मग सतरावी. पाय थकायच्या आधीच बरेच जण दमाला हार जातात, असं माझं मत झालंय. टाच उचलली किंवा कंबर वाकली, तर मात्र सेट तिथंच बंद.

पहिल्या आठवड्यात मंगळवारपेक्षा बुधवारी पाय जास्त ठणकले. जेवायला मांडी घालून बसताना आईचा हात धरावा लागला. पुढं ते कमी होत गेलं.

तिन्ही सेट पूर्ण वीसचे झाले की अडीच किलो वाढवायचे. मेअखेर 60 किलोवर पोचलो, मांडीचा घेर दोन सेंटीमीटर वाढला. एकदाच सर्वात जास्त वजन उचलायची ताकद हवी असेल तर जड वजनाला पर्याय नाही. पण सेटच्या शेवटी जेमतेम एक-दोन बैठकांचं बळ उरेल इतकं दमलं, तर मध्यम वजनानंही मांडी भरते. हे मी आता अंगानं जाणतो.

जुलैत येळ्ळूरच्या शिवारात आमच्या भाताची रोप लावण होती. पोटरीपर्यंत चिखल आणि दिवसभर ओणवं. संध्याकाळी पाय उपसत बांधावर आलो, तेव्हा आईनं विचारलं, "गुडघा कसा आहे रे?" तोपर्यंत मला त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती.