पगार ४६ हजार, मग भाडं किती?

ऐरोलीत नोकरी लागली तेव्हा जो तो एकच सांगत होता, पगाराच्या तीस टक्क्यांपर्यंत भाडं चालतं. माझ्या हातात ४६,००० येणार, म्हणजे १३,८००. (काही जण तर सीटीसीवर, म्हणजे कंपनी सांगते त्या कापाकापीआधीच्या आकड्यावर, टक्के काढतात! पीएफ-कर कापून खात्यात काय पडतं तेच धरायचं.)

पण माझ्या पगाराला आधीच दोन वाटेकरी. चिपळूणला घरी ८,००० आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता ७,५००. म्हणून हिशोब उलटा मांडला. उरले ३०,५००. बचतीचे ५,००० आधीच बाजूला. डबा-नाश्ता ७,०००, लोकल-रिक्षा २,०००, औषधं, कपडे, मोबाइल असं सटरफटर ३,५००. वीज, गॅस, वायफाय २,०००. भाड्याला राहिले ११,०००.

एजंटने तरीही कळव्यात १६,०००चा वन बीएचके दाखवलाच. घर छान, हवेशीर. पण डिपॉझिट ५०,०००, एक महिन्याची दलाली, पहिलं भाडं, म्हणजे चावी मिळेपर्यंत ८२,००० जाणार. वर रोज ठाण्याला गाडी बदला. सोडून दिलं.

घणसोली गावठाणात वन आरके मिळाला. तिथून ऐरोली दोन स्टेशनं. मालकीणबाई १२,०००वर अडून बसल्या होत्या.

"काकू, ११ करा ना. पाच तारखेच्या आत पैसे खात्यात."

"एक तारखेला देणार असशील तर ११."

ठरलं. डिपॉझिट ४०,०००.

दलालीचे ११,००० मात्र भाड्यातच धरा. करार अकरा महिन्यांचा, म्हणजे महिन्याला हजार. माझं खरं भाडं १२,०००. तो हजार मी बचतीतून वळवला. कराराच्या नोंदणीसाठी एजंटने एकरकमी आकडा सांगितला, तेव्हा फोड मागितली. मुद्रांक शुल्क पाव टक्का, माझ्या करारावर तीनशेच्या आसपास, नोंदणी फी १,०००. बाकी सगळी त्याची मजुरी, तिथे घासाघीस चालते.

मी नव्या करप्रणालीत, त्यामुळे घरभाडे भत्त्याची सूट नाही. जुन्या प्रणालीत असाल तर ठाणे-नवी मुंबईला मूळ पगाराच्या ४० टक्क्यांची मर्यादा धरा, मुंबईची ५० नव्हे. भाडं वर्षाला लाखावर गेलं तर मालकाचा पॅनही लागतो, तो देणार का ते टोकन, म्हणजे घर धरून ठेवायची आगाऊ रक्कम, देण्याआधीच विचारा.

नूतनीकरणाला पाच टक्केच वाढ, हे करारात लिहून घेतलंय. म्हणजे पुढच्या खेपेला ११,५५०. एजंटला तेव्हा पुन्हा दलाली हवी आहे, त्यावर आमचं अजून जमलेलं नाही.