आमच्या चिवड्यात दाणे का नसतात

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते आहे. दर दिवाळीला फराळाची ताटे या घरून त्या घरी गेली की भाऊबीजेच्या सुमारास कुणीतरी हमखास विचारतेच, ‘तुमच्या चिवड्यात दाणे का नसतात?’ कुणी समजावते की मुलांच्या बाबतीत इतके भिऊन चालत नाही. कुणी सुचवते, एवढीच काळजी असेल तर फराळ विकतचा आणावा आणि मोकळे व्हावे. गेली सहा वर्षे मी ‘मुले लहान आहेत ना’ एवढेच उत्तर देत आले. ते खोटे नाही, पण पुरेसेही नाही.

आधी विकतच्या फराळाबद्दल सांगते. मी घरी करते ते हौसेने करते, आणि आणखी एका कारणासाठी करते, ते म्हणजे मोहन माझ्या हातात राहते. चकलीच्या भाजणीत लोणी नीट पडले तर चकली तोंडात विरते, कमी पडले तर तिचे खडे होतात, आणि अडीच वर्षांच्या मुलीला तो खडा मोडता येत नाही. शंकरपाळे मी पातळ लाटते आणि दुधात बुडवले की मऊ पडतील इतके खुसखुशीत ठेवते. बेसनाचा लाडू टाळूला चिकटतो, म्हणून तिला चिमूट-चिमूट, खाली बसवून देते, आणि त्यावर बेदाणा टोचत नाही. चिवड्यात खोबऱ्याच्या कापांऐवजी कीस घालते, डाळेही घालत नाही. दाण्यांशी माझे वैर नाही. दाण्याच्या कुटाचे लाडू आमच्याकडे दोन्ही मुले आवडीने खातात. माझी हरकत आहे ती अख्ख्या दाण्याला आणि त्याच्या पाकळीला.

सहा वर्षांपूर्वी, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, मी करंज्या करत होते. साटा लावलेल्या लाट्या ओल्या फडक्याखाली होत्या, त्या वाळण्याआधी संपवायच्या होत्या, आणि एकोणीस महिन्यांचा माझा मुलगा उचलून घे म्हणून पायाशी रडत होता. त्याने पाच मिनिटे शांत बसावे म्हणून मी त्याच्यासमोर चिवड्याची वाटी ठेवली. तो रडता रडताच खाऊ लागला. मग त्याला ठसका लागला. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी आले. मी त्याला उचलले, पाठीवर थापट्या मारल्या आणि पाणी पाजले. खोकणाऱ्या मुलाला खोकू द्यावे, पाणी पाजू नये, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. दोन-तीन मिनिटांत तो थांबला आणि लाटण्याशी खेळू लागला. ‘मामाने आठवण काढली असेल,’ असे सासूबाई म्हणाल्या, मी हसले, आणि पुढची करंजी भरायला घेतली.

पाडव्याला खोकला सुरू झाला. घरात रंगाचा वास होता, बाहेर फटाक्यांचा धूर होता, गावभर मुले खोकत होती. आम्ही ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी सर्दी-खोकल्याचे औषध दिले, नंतर वाफ द्यायला सांगितली, ताप आल्यावर औषध बदलले. मी त्यांना दोष देत नाही, कारण त्यांनी ठसक्याचे विचारले नाही हे जितके खरे आहे तितकेच मी सांगितले नाही हेही खरे आहे. बाराव्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी त्याला तपासले. त्यांनी छातीच्या डाव्या बाजूला ऐकले, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या, आणि मान वर करून विचारले, ‘याला काही खाताना ठसका लागला होता का?’

मी ‘नाही’ म्हणाले.

हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. विसरले होते, असे स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिले. थोडे विसरले होते, आणि थोडे, वाटी मीच दिली होती म्हणून ते आठवायला तयार नव्हते. त्यांनी पुन्हा विचारले, ‘दिवाळीत? शेंगदाणा, फुटाणा, काहीही?’ तेव्हा ‘हो’ म्हणाले.

दाणा क्ष-किरणांत दिसत नाही. दिसले ते उजवे फुप्फुस, डाव्यापेक्षा जास्त फुगलेले, कारण आत गेलेली हवा बाहेर पडत नव्हती. उजवीकडची वाट अधिक रुंद आणि सरळ असल्यामुळे अशा वस्तू बहुधा तिकडेच जातात, आणि दाण्याच्या तेलाने आतले अस्तर सुजते, असे त्यांनी समजावले. मुलाला भूल देऊन तोंडातून दुर्बीण घातली. पाऊण तासाने त्यांनी मला एक छोटी बाटली दाखवली. तिच्यात दाण्याची एक पाकळी होती, फुगलेली, कडेला मऊ पडलेली, आणि एका टोकाला गडद तपकिरी. दाणे तळताना दारात कुणी आले म्हणून मी गेले होते आणि तो घाणा जरासा जास्त झाला होता. तो रंग मी ओळखला.

आता तुम्ही म्हणाल की आपण सगळे दाणे खाऊनच मोठे झालो. खरे आहे. माझ्या सासूबाईंनी तिघांना याच चिवड्यावर वाढवले, आणि त्यांच्या आईची ती पद्धत मी मोडली याचे त्यांना वाईट वाटते हे मला कळते. पण मुलांच्या दाढा पुऱ्या यायला अडीच वर्षे लागतात, नीट चावून खाणे त्याहून उशिरा जमते, आणि चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे देऊ नयेत असे डॉक्टर सांगतात, हेही तितकेच खरे आहे. करंज्यांच्या घाईतल्या त्या बाईला मी पुष्कळदा विचारते, वाटी देऊन तू तिकडे पाठ का केलीस? ती म्हणते, लाट्या वाळत होत्या. त्यावर मला अजून काही बोलता आलेले नाही, कारण लाट्या आजही वाळतात आणि धाकटी आजही पायाशी रडते.

मुलगा आता साडेसात वर्षांचा आहे, त्याला दाणे चालतील. गेल्या वर्षी सासूबाईंच्या सांगण्यावरून मी मोठ्यांसाठी दाण्यांचा चिवडा वेगळा केला आणि डबा वरच्या फळीवर ठेवला. तिसऱ्या दिवशी रात्री पाहिले, तर यजमान खिडकीशी उभे राहून, हात मुठीत धरून तो खात होते, आणि खाऊन झाल्यावर वाकून फरशीवर हात फिरवत होते, एखादा दाणा पडला असेल म्हणून. यंदा मी तो केला नाही. त्यांनीही विचारले नाही.