पहाटेचा पंप आणि खंड्याची झोप : मे ते नोव्हेंबरच्या नोंदी

खंड्या हा आमचा गावठी कुत्रा. वय चार वर्षे, वजन १८ किलो, मुक्काम मुलुंड पश्चिमेच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. पुढच्या नोंदींना आधार राहावा म्हणून एप्रिलअखेरीस त्याची रात्र कशी होती ते आधी सांगते. दहाच्या सुमारास तो हॉलमध्ये गोधडीवर झोपायचा, मध्यरात्रीनंतर उठून आमच्या खोलीच्या दाराशी यायचा आणि कुंईकुंई करायचा, आणि पहाटे साडेचारला सगळे घर जागे केल्याशिवाय राहायचा नाही. दुपारी मात्र पंख्याखाली असा पसरलेला असे, की दाराची बेल वाजली तरी फक्त एक कान हलायचा. सवयींकडे वळण्यापूर्वी डॉक्टरांकडून कान, कातडी, सांधे आणि लघवी तपासून घेतली. सगळे ठीक निघाले. ज्यांचा कुत्रा म्हातारा आहे आणि अलीकडेच रात्री भटकू लागला आहे त्यांनी ही पायरी मुळीच गाळू नये, कारण सांधेदुखी, मूत्रपिंडाचे विकार आणि उतारवयातला स्मृतिभ्रंश ही तिन्ही कारणे वरवर पाहता वाईट सवयीसारखीच दिसतात.

काही बदलण्यापूर्वी नुसते पाहायचे असे ठरवले. जुना मोबाइल कपाटावर ठेवून मंद दिव्यात रात्रभर चित्रीकरण केले, सकाळी ते वेग वाढवून पाहिले आणि वहीत वेळ, जागा, खोलीचे तापमान, हवेतली आर्द्रता, बाहेरचा आवाज असे रकाने आखले. त्यांतही ‘उठला’ आणि ‘उठवले’ हे दोन रकाने वेगळे ठेवले, आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. वहीप्रमाणे खंड्या रात्रभर सारखा उठत होता. आम्हाला उठवत होता तो मात्र ठरावीक दोन वेळीच.

सारखे उठण्यात वावगे काही नाही. आपण रात्रीची झोप एका लांब पट्ट्यात घेतो, कुत्रा ती तुकड्यातुकड्यांनी घेतो. ॲडम्स आणि जॉन्सन यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत पाळीव कुत्र्यांची आठ तासांची रात्र सरासरी २३ झोप-जाग चक्रांत विभागलेली आढळली : साधारण १६ मिनिटे झोप, मग ५ मिनिटे जाग, पुन्हा झोप. प्रौढ कुत्रा दिवसरात्र मिळून १२ ते १४ तास झोपतो, पिल्लू १८ ते २० तास, पण हे तास असे सुटे सुटे जमा होतात. तेव्हा ‘रात्रभर सलग झोपणारा कुत्रा’ हे उद्दिष्टच मी वहीतून खोडले. जाग येणारच, त्या पाच मिनिटांत उठून काही मिळवण्यासारखे आहे असे त्याला वाटू नये आणि तो पुन्हा आडवा व्हावा, एवढेच आपल्या हाती असते. पुढचे सगळे प्रयोग या एका धोरणाने केले आहेत.

मे

मध्यरात्रीच्या दाराशी येण्याचा उलगडा तापमानाच्या रकान्याने केला. सासूबाईंचे ठाम मत होते, की तो आमच्या ओढीने येतो. मलाही तसे मानायला आवडले असते. चित्रीकरणात मात्र तो दाराच्या फटीला पोट लावून पडलेला दिसला, आणि ज्या रात्री आम्ही वातानुकूलन यंत्र लावले नाही त्या रात्री तो दाराकडे फिरकलाच नाही. फटीखालून येणारी गार हवा हीच त्याची ओढ होती.

कुत्र्याला घामाच्या ग्रंथी मुख्यत्वे पंजांच्या तळव्यांना असतात. अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे खरे साधन म्हणजे धापणे, आणि धापण्याने गारवा मिळतो तो जिभेवरच्या व श्वासमार्गातल्या ओलाव्याचे बाष्पीभवन झाल्यामुळे. मुंबईच्या मे महिन्यात हवाच इतकी ओलसर असते, की हे बाष्पीभवन मंदावते. म्हणूनच तापमापकावरचा आकडा विदर्भातल्यापेक्षा कितीतरी कमी असूनही इथला कुत्रा रात्री बेचैन होतो. ओले पोते अंथरावे हा सल्ला मला अनेकांनी दिला. कोरड्या हवेत तो उत्तम आहे, आपल्याकडे त्याने फक्त पोट ओले राहते आणि कातडीला वास येऊ लागतो.

केले ते इतकेच : जाड गोधडी काढली, मधल्या बोळात जिथे दोन खिडक्यांमधला वारा वाहतो तिथे पातळ सतरंजी टाकली, तिच्या शेजारची लादी मोकळी ठेवली आणि टेबलफॅन जमिनीलगत लावला. सतरंजीवर झोप लागल्यावर काही वेळाने तो लादीवर सरकतो आणि पहाटे गारवा वाढला की परत सतरंजीवर येऊन वेटोळे करतो. वेटोळे झाले की थंडी वाजते आहे आणि चारी पाय पसरले की उकडते आहे, हा हिशेब जवळपास कधीच चुकत नाही. पंधरवड्यात मध्यरात्रीची कुंईकुंई थांबली, आणि तीही त्याला काहीही न शिकवता.

जून–जुलै

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. फेऱ्या आखूड झाल्या की दुपारची झोप लांबते आणि रात्रीची उथळ होते, हे नोंदींत स्पष्ट दिसले. त्यावर उपाय म्हणून संध्याकाळचे जेवण ताटलीत न देता जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत आणि खुर्च्यांखाली लपवून द्यायला लागलो. नाकाला काम मिळाले की कुत्रा धावण्याइतकाच थकतो, असे माझे मत झाले आहे. बाहेरून आल्यावर बोटांमधल्या बेचक्या कोरड्या करणे आणि गोचिडीसाठी कान व मान चाचपणे ही कामेही झोपेच्याच खात्यात धरावीत, कारण रात्री दोन वाजता पंजा चाटत बसलेल्या कुत्र्याला शिस्तीची नव्हे, टॉवेलची गरज असते.

ऑगस्ट

आता साडेचार. आमच्या इमारतीत महापालिकेचे पाणी खालच्या टाकीत येते, वॉचमन पहाटे साडेचारला पंप सुरू करतो आणि नळाला पाणी येते. सासूबाई त्या वेळी उठून पिण्याचे पाणी भरतात, चहा टाकतात आणि चहाबरोबरच्या ग्लुकोज बिस्किटातला अर्धा तुकडा खंड्याला देतात. म्हणजे पंपाची घरघर, स्वयंपाकघरातला दिवा, भांड्यांचा आवाज आणि बिस्कीट, ही साखळी त्याच्या डोक्यात पक्की बसली होती. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५ किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंतचे. पंपाचा आवाज आपल्याला ज्या वेळी जाणवतो त्याच्या आधीच त्याचे कान उभे राहिलेले चित्रीकरणात दिसतात.

बिस्कीट एकदम बंद करावे, असे पुस्तकी ज्ञान सांगते. सासूबाईंना ते मान्य नव्हते. “मुका जीव आहे, अर्ध्या बिस्किटाने काय होतंय,” या त्यांच्या म्हणण्यात तथ्यही होते. शिवाय घरातले एक माणूस मनाविरुद्ध नियम पाळत असेल तर चार दिवसांआड गुपचूप तुकडा पडतोच, आणि रोज मिळणाऱ्या खाऊपेक्षा अधूनमधून मिळणारा खाऊ सवय अधिक चिवट करतो. म्हणून बिस्कीट ठेवले, फक्त त्याची वेळ आणि जागा बदलली : ते स्वयंपाकघरात न देता सतरंजीवर द्यायचे, आणि तो पडून असतानाच द्यायचे. आधी चहा झाल्यावर लगेच, मग थोड्या थोड्या दिवसांनी दहा-पंधरा मिनिटे पुढे, असे करत ते सहापर्यंत नेले.

पहिल्या काही पहाटे फार वाईट गेल्या. खंड्या आधी नुसता येऊन बसत असे, तो आता भुंकू लागला, भांड्याला पंजा मारू लागला. अपेक्षित फळ मिळेनासे झाले की जुनी सवय विझण्यापूर्वी एकदा जोरात उसळी घेते, हे आधी माहीत असले तर निभावता येते. नेमक्या त्याच वेळी हार मानली, तर जोरात भुंकल्यावर मिळते हा नवा धडा आपण शिकवतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधीच कल्पना देऊन ठेवली होती, त्यामुळे तक्रार आली नाही. सोसायटीत राहणाऱ्यांनी प्रयोगाच्या साहित्यात शेजाऱ्यांची संमतीही धरावी.

याच्या जोडीला पंपाचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला आणि दिवसभरात अवेळी, बारीक आवाजात वाजवत राहिले. इथे एक भेद लक्षात घेण्यासारखा आहे. फटाक्यांसारख्या भीतीच्या आवाजाची सवय करताना आपण आवाजाबरोबर खाऊ देतो, म्हणजे आवाज सुखाची खूण बनावा. पंपाचे नेमके उलटे होते : तो आधीच सुखाची खूण बनलेला होता, म्हणून तो वाजल्यावर काहीही घडू द्यायचे नव्हते. खाऊ नाही, हाक नाही, नजरही नाही. दुपारी तीनला पंप, रात्री नऊला पंप, आणि प्रत्येक वेळी घरात सगळे आपापल्या कामात. आवाजाची किंमत हळूहळू शून्यावर आली. ऑगस्ट सरता सरता साडेचारला त्याचे कान उभे राहत, डोके वर होई, तो स्वयंपाकघराकडे एकदा पाही आणि पुन्हा हनुवटी टेके. ‘उठला’ या रकान्यातली खूण तशीच राहिली, ‘उठवले’ हा रकाना रिकामा झाला.

गणपती ते दिवाळी

ढोलताशांच्या दिवसांत मी कोणताही नवा प्रयोग केला नाही. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा मोठ्यावर, आणि मिरवणुकीच्या वेळेआधी फेरी उरकलेली, इतकेच पाळले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके थांबताच खंड्या पडल्या पडल्या झोपला, तेव्हा घरात सगळ्यांना हायसे वाटले. मला मात्र बुडापेस्टच्या एट्व्होश लोरांड विद्यापीठातले २०१७ सालचे संशोधन आठवले. तिथे कुत्र्यांच्या डोक्याला कातडीवरूनच इलेक्ट्रोड लावून त्यांची झोप मोजतात. त्रासदायक अनुभवानंतर कुत्री लवकर झोपी गेली, पण त्या झोपेतला संथ, शांत टप्पा चांगल्या अनुभवानंतरच्या झोपेपेक्षा कमी भरला, असे त्यांना आढळले. खंड्याच्या डोक्यात काय चालले होते ते कॅमेऱ्यात दिसत नाही, पण त्या रात्री पाय झटकणे, ओठ थरथरणे आणि दबके भुंकणे नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त होते. ही स्वप्नांच्या झोपेची लक्षणे असतात. अशा वेळी हात लावून उठवू नये, दचकून जागा झालेला प्रेमळ कुत्राही चावू शकतो. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना त्याच्या बोळात जाऊ दिले नाही आणि त्याला दुपारभर झोपू दिले.

नोव्हेंबर

शिल्लक राहिलेला प्रश्न गल्लीतल्या कुत्र्यांचा आहे. आमचा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला येतो, आणि रात्री दोन-तीनच्या सुमारास खालची टोळी एकाच दिशेला तोंड करून भुंकू लागली, की बिबट्या उतरला असावा अशी चर्चा सकाळी जिन्यात होते. उद्यानातल्या बिबट्यांच्या खाद्यात कुत्र्यांचा मोठा वाटा असतो, तेव्हा त्या भुंकण्याला अर्थ आहे आणि खंड्यालाही तो कळतो. तो आवाज पंपासारखा निरर्थक करता येणार नाही, आणि तसा तो करावा असे मला वाटतही नाही. सध्या त्याने दोनदा-तीनदा भुंकून घेतले, की मी खोलीतूनच शांतपणे ‘बस’ म्हणते, आणि तो सतरंजीवर गेल्यावर पुढे काही बोलत नाही. थंडीत टेबलफॅन बंद होईल, आणि बाहेरचे आवाज झाकणारी त्याची घरघरही जाईल. त्यामुळे सतरंजी गल्लीच्या बाजूपासून दूर, जिन्याकडच्या भिंतीला न्यायची आहे. ती रोज वीतभर सरकवायची की एकदम हलवायची हे अजून ठरलेले नाही. जागा बदलल्याच्या पहिल्या रात्री कुत्र्याची झोप मोडते, म्हणून माझा कल वीतभराकडे आहे.